पुनरुत्थानाचा सण आणि आपले शेजारी

नाताळ दर वर्षी २५ डिसेंबरास ठरलेला असतो. मग पुनरुत्थानाचा रविवार मात्र दर वर्षी निराळ्या तारखेस का येतो, असा प्रश्न शब्बाथशाळेतील मुले उपदेशकांस नेहमी विचारतात. त्याचे उत्तर असे की हा सण चंद्रावर बसविलेला आहे. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे मंडळीची जी मोठी परिषद भरली, तिने सर्व ठिकाणच्या मंडळ्यांनी हा सण एकाच रविवारी पाळावा असे ठरविले. व पुढे रूढ झालेल्या गणिताप्रमाणे २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार तो हा सण होय. म्हणून पाश्चात्य पंचांगाप्रमाणे तो २२ मार्चाच्या आधी व २५ एप्रिलाच्या नंतर कधीही येत नाही. ती पौर्णिमा बहुतेक वर्षी आपल्या हिंदू शेजाऱ्यांची चैत्री पौर्णिमा असते, आणि काही वर्षी होळीची. अर्थात् जो चंद्र पाहून शेजारची आजीबाई आपले व्रत ठरविते, त्याच चंद्रावरून आपलाही सण ठरतो.

२०२२ साली तर एका आठवड्यात सर्वच एकत्र आले. १४ एप्रिल रोजी आंबेडकर जयंती व महावीर जयंती. १५ रोजी उत्तम शुक्रवार, व त्याच दिवशी सूर्यास्तास यहूदी लोकांच्या वल्हांडणाचा आरंभ. १६ रोजी हनुमान जयंती. १७ रोजी पुनरुत्थानाचा रविवार. आणि हे सारे दिवस मुसलमान बांधव रमजानचे रोजे धरून होते. ज्या गावांत या सर्व धर्मांची घरे आहेत, तेथे एकाच गल्लीत एका घरी उपास, दुसऱ्या घरी मिरवणूक, तिसऱ्या घरी शोक व चौथ्या घरी आनंद, असा प्रकार त्या आठवड्यात झाला असेल.

यावरून जो प्रश्न उभा राहतो तो आज आम्हास आपल्या वाचकांपुढे मांडावयाचा आहे. येशू मेलेल्यांतून उठला हे जो मानीत नाही, त्याचा या सणाशी काय संबंध? त्याने आपल्या दारी येऊन शुभेच्छा दिल्या तर त्या खऱ्या समजाव्या की केवळ उपचार? आणि आपण त्याच्याशी कसे वागावे, म्हणजे सत्यही राखले जाईल व शेजारधर्मही मोडणार नाही? शहरात प्रत्येकाचे दार बंद असते, तेथे हा प्रश्न फारसा बोचत नाही. परंतु खेड्यात ज्याच्या विहिरीवर आपण पाणी भरतो, ज्याच्या बैलांनी आपली पाळी घातली जाते, ज्याच्या खांद्यावर कदाचित् आपली तिरडीही जाणार, त्याच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. एका बाजूस कोणी म्हणतो, "सण आमचा आहे, परक्यांचे त्यात काय काम?" दुसऱ्या बाजूस कोणी म्हणतो, "सर्व धर्म एकच. जे आमचे तेच त्यांचे. भेद कशास काढावा?" आमच्या मते या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत, व त्या का चुकीच्या आहेत हे पाहण्यापूर्वी हा सण मुळात कोणती गोष्ट सांगतो ते नीट ठरविले पाहिजे.

पुष्कळ लोक, व त्यांत काही ख्रिस्ती ग्रंथकारही, असे सांगतात की हा वसंताचा सण आहे. हिवाळ्यात सृष्टी मरते व वसंतात पुन्हा जिवंत होते, त्याचेच हे चिन्ह. अंडी रंगविणे, ससे काढणे या युरोपातील चाली त्याच विचाराला धरून आहेत. इंग्रजी भाषेतील 'ईस्टर' हे नावदेखील एका जुन्या देवीच्या महिन्यावरून आले, असे बीड नावाच्या इंग्रज साधूने इ. स. ७२५ च्या सुमारास लिहून ठेविले आहे. परंतु जगातील बहुतेक ख्रिस्ती लोक या सणास त्या नावाने ओळखतच नाहीत. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, पोर्तुगीज या भाषांतील नावे, व गोमंतकातील आणि वसईकडील आपल्या बांधवांचा 'पास्क' शब्द, ही सर्व इब्री 'पेसाह' या शब्दापासून निघाली आहेत; आणि त्याच शब्दासाठी आपल्या मराठी शास्त्रात 'वल्हांडण', म्हणजे ओलांडून जाणे, हा शब्द योजिला आहे. शिवाय वसंताचा हा अर्थ आपल्या देशावरच्या मनुष्यास कसा पटावा? येथे हा सण येतो तेव्हा विहिरींचे पाणी तळास गेलेले असते, शेते नांगरून उन्हात उघडी पडलेली असतात, आणि पेरणीस मृगाची वाट पाहावयाची असते. ऑस्ट्रेलियात तर हा सण पानगळीच्या ऋतूत येतो. तरीही या सर्व देशांत तो तेवढ्याच आनंदाने होतो, यावरून तो ऋतूवर अवलंबून नाही हे उघड आहे. वसंत दर वर्षी आपोआप येतो, त्यात कोणास आश्चर्य वाटत नाही. कबरेतून मनुष्य आपोआप येत नाही.

तेव्हा या सणाचे सांगणे असे आहे की यरुशलेम नगरात, पंतय पिलात सुभेदार असता, एका मनुष्यास वधस्तंभावर मारण्यात आले, त्यास पुरले, आणि तिसऱ्या दिवशी देवाने त्यास उठविले. ही घडलेल्या गोष्टीविषयीची साक्ष आहे. ती एक तर खरी आहे किंवा खरी नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांस स्पष्टच लिहिले की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणाही पोकळ व तुमचा विश्वासही पोकळ. ज्याने स्वतः पौलाचे हे लिहिणे वाचले आहे, त्यास "सर्व एकच आहे" असे म्हणता येणार नाही. कारण जो म्हणतो की ही गोष्ट घडली, व जो म्हणतो की घडली नाही, ते दोघे एकच बोलत नाहीत. आणि दोघे एकच बोलतात असे सांगणारा मनुष्य दोघांचेही बोलणे ऐकून घेत नाही.

हीच साक्ष घेऊन पौल अथेनै नगरात गेला, तेव्हा काय झाले हे प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात लिहिले आहे. मेलेल्यांच्या पुनरुत्थानाविषयी ऐकताच कित्येकांनी थट्टा केली. दुसरे म्हणाले की याविषयी आम्ही तुमचे पुन्हा ऐकू. आणि थोडक्यांनी विश्वास ठेविला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पौलाने थट्टा करणाऱ्यांस शाप दिला नाही, व "पुन्हा ऐकू" म्हणणाऱ्यांच्या सोयीसाठी आपली साक्ष पातळही केली नाही. तो त्यांच्यामधून निघून गेला, एवढेच शास्त्र सांगते. आज आपल्या शेजाऱ्यांकडे पाहिले असता या तिन्ही प्रकारचे लोक आढळतात. आणि आणखीही एक प्रकार आढळतो, तो असा की जे ही गोष्ट मानीत नाहीत तरी येशूवर प्रेम करितात.

प्रथम आपल्या मुसलमान बांधवांचे पाहू. कुराणाच्या चौथ्या सुरेत ईसाविषयी असे सांगितले आहे की लोकांनी त्यास मारिले नाही व वधस्तंभावरही दिले नाही, तर अल्लाने त्यास आपणाकडे उचलून घेतले. मरियमेच्या नावाची तर त्यांच्या ग्रंथात एक संपूर्ण सुरा आहे, व ईसा पुन्हा येणार असेही ते मानतात. म्हणजे आपण ज्यास प्रभू म्हणतो त्याचा ते पैगंबर म्हणून आदर करितात. परंतु उत्तम शुक्रवारीच ते आपल्यापासून वेगळे होतात, आणि ज्याचा शुक्रवार नाही त्याचा रविवारही नाही. हा भेद लहान नाही. तथापि यरुशलेमेत काय घडते ते पाहा. ज्या ठिकाणी प्रभूची कबर होती असे प्राचीन काळापासून मानतात, तेथील देवळास अरबी बोलणारे ख्रिस्ती लोक कियामतेचे, म्हणजे पुनरुत्थानाचे, देऊळ म्हणतात. त्या देवळाची किल्ली जौदा नावाच्या मुसलमान घराण्याकडे असते, व दार उघडण्याचा मान नुसैबा नावाच्या दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे आहे. सलाउद्दीनाच्या काळापासून, म्हणजे बाराव्या शतकापासून, ही व्यवस्था चालत आली असे सांगतात. आत ग्रीक, रोमन, आर्मेनी, कॉप्ट, सिरियन व हबशी अशा सहा ख्रिस्ती पंथांचे हक्क आहेत, आणि त्यांचे आपसांतील तंटे इतके जुने आहेत की किल्ली तिसऱ्याच्या हाती असणे सर्वांसच सोयीचे पडते. जे वधस्तंभ मानीत नाहीत, त्यांच्या हाताने वधस्तंभाच्या देवळाचे दार रोज पहाटे उघडते. त्या द्वारपालाने आपला धर्म सोडलेला नाही, व आत जाणाऱ्याने आपला. तरी विश्वासाने सोपविलेले काम तो इमानाने करितो. शेजारधर्म म्हणजे काय, हे याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण आम्हास माहीत नाही. आणि त्यात आपल्या लाजेची जी गोष्ट आहे तीही आपण विसरू नये.

आता आपल्या हिंदू बांधवांकडे येऊ. महात्मा गांधी यांनी आपल्या आत्मकथेत लिहिले आहे की डोंगरावरील प्रवचन त्यांच्या हृदयास थेट भिडले. परंतु येशू हा देवाचा एकुलता एक पुत्र, व त्याच्या मरणात काही गूढ सामर्थ्य आहे, ही गोष्ट त्यांस पटली नाही. वधस्तंभावरील मरण हे त्यांस जगापुढील थोर उदाहरण वाटले. महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या 'गुलामगिरी' ग्रंथात येशूस बळीराजाच्या पंक्तीस बसविले. ज्या बळीस कपटाने पाताळात घातले व ज्याचे राज्य पुन्हा यावे म्हणून आपल्या खेड्यांतील आयाबहिणी दिवाळीत ओवाळतात, त्या दीनदुबळ्यांच्या राजाचे रूप जोतीरावांस येशूच्या ठायी दिसले. या दोघांपैकी कोणीही बाप्तिस्मा घेतला नाही. मग त्यांचे म्हणणे आपण कसे घ्यावे?

आमच्या मते येथे आपल्याकडून दोन प्रकारचा अन्याय होण्याचा संभव असतो. एक, असे थोर पुरुष येशूविषयी चांगले बोलले की लागलीच त्यांस आपलेच म्हणणे, व उपदेशात त्यांची नावे अशा रीतीने घेणे की ऐकणाऱ्यास ते जवळजवळ ख्रिस्ती होते असे वाटावे. हे असत्य आहे, आणि सत्याच्या प्रभूस असत्याची साक्ष नको आहे. दुसरा अन्याय असा की त्यांनी सर्व मानले नाही म्हणून जे मानले तेही तुच्छ लेखणे. ज्याने डोंगरावरील प्रवचन वाचले व त्याप्रमाणे वागण्यासाठी आपला देह झिजविला, त्यास आपण कोणत्या तोंडाने तुच्छ लेखावे? प्रभूने तर म्हटले आहे की नुसते प्रभू, प्रभू म्हणणारा नव्हे, तर पित्याच्या इच्छेप्रमाणे करणारा. तेव्हा त्यांनी जे मानले तेवढेच त्यांचे म्हणून सांगावे, त्यात भर घालू नये व त्यातून वजाही करू नये. न्याय्य मापाने मोजणे हे बाजारात जसे, तसे धर्माच्या गोष्टीतही आवश्यक आहे.

तिसरे शेजारी यहूदी लोक. आणि येथे आपणास अधिक सावधपणे बोलले पाहिजे. हा सण मूळचा त्यांच्या घरातला. प्रभू वल्हांडणासाठी यरुशलेमेस गेला, व त्याने शिष्यांसह जे शेवटचे भोजन केले ते त्याच सणाच्या दिवसांतले. महाराष्ट्रात हे लोक परके नाहीत. कोकणातील बेने इस्राएल यांची परंपरा अशी की त्यांचे पूर्वज अलिबागेजवळ नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्यास लागले. ते तेलाचे घाणे चालवीत व शब्बाथ दिवशी काम करीत नसत, म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. इब्री भाषा त्यांस अपरिचित झाली होती, परंतु सुंता व शब्बाथ त्यांनी सोडले नव्हते. स्कॉटिश मिशनचे डॉक्टर जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी १८३२ साली मुंबईत इब्री भाषेचे व्याकरण मराठीत छापून काढले. मिशनरी लोकांची आशा अशी होती की इब्री शास्त्र वाचून हे लोक ख्रिस्ताकडे येतील. तसे फार थोडे आले. बाकीच्यांनी ते ज्ञान घेतले, आपले शास्त्र पुन्हा वाचू लागले, आणि आपल्याच धर्मात अधिक दृढ झाले. मग ते व्याकरण व्यर्थ गेले काय? आम्हास तसे वाटत नाही. ज्या देणगीचा मोबदला धर्मांतरानेच मिळाला पाहिजे, ती देणगी नसून सौदा होय. शेजाऱ्यास त्याचे स्वतःचे शास्त्र परत मिळवून दिले, हे प्रीतीचे काम होते, आणि प्रीतीचे काम फळाच्या हिशेबाने मोजीत नाहीत.

परंतु इतिहासाचे दुसरे पान फार काळे आहे. युरोपात कित्येक शतके यहूदी लोक आपली दारे जर कोणत्या दिवसांत लावून बसत असतील, तर ते आपल्या पवित्र आठवड्यात. व्यासपीठावरून "यांनी प्रभूस मारिले" असे ऐकून बाहेर पडलेले लोक त्यांच्या घरांवर चालून जात. रशियाच्या साम्राज्यातील किशिनेव शहरी १९०३ साली पुनरुत्थानाच्या रविवारीच दंगलीस आरंभ झाला, व दोन दिवसांत ४९ यहूदी मारले गेले. त्याच्या आधी एका ख्रिस्ती मुलाचा खून यहूद्यांनी रक्तासाठी केला, अशी खोटी अफवा एका वर्तमानपत्राने पसरविली होती. त्या खुनात यहूद्यांचा काही हात नव्हता. ज्या दिवशी मरणाचा पराभव झाला असे आपण गातो, त्याच दिवशी त्या नावाने मरण घरोघरी नेले गेले. आपण प्रॉटेस्टंट आहो म्हणून या दोषातून सुटलो, असे कोणी समजू नये. खुद्द मार्टिन लूथर यांनी १५४३ साली यहूदी लोकांविरुद्ध जे लिहिले ते वाचवत नाही. अमेरिकेतील इव्हँजेलिकल लूथरन मंडळीने १९९४ साली त्या लेखनाचा जाहीरपणे त्याग केला. रोमन मंडळीनेही १९५९ साली उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहूद्यांस कमी लेखणारा शब्द काढून टाकिला, आणि १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत प्रभूच्या मरणाचा दोष सर्व यहूदी लोकांवर लादता येत नाही असे ठरविले. ही सुधारणा फार उशिरा झाली; तथापि झाली.

यावरून आपल्या उपदेशकांनी घेण्याचा धडा अगदी साधा आहे. आपल्या गावात यहूदी नसेल. परंतु उत्तम शुक्रवारी सात उद्गारांवर बोलताना "यहूद्यांनी मारिले" असे सहज तोंडातून गेले, तर ऐकणारा मुलगा एक गोष्ट शिकतो: पाप हे दुसऱ्या जातीचे असते. मग तो ती गोष्ट आपल्या गावातील दुसऱ्या जातीसही लावू लागतो. ज्या लोकांस स्वतःच पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर ठेविले गेले, त्यांच्या मुलांस तरी हे शिक्षण मिळता कामा नये. पिलाताने हात धुतले, पेत्राने नाकारिले, यहूदाने विकिले, शिष्य पळाले; वधस्तंभाजवळ निर्दोष असा कोण होता? जो उपदेश ऐकणाऱ्यास स्वतःच्या अंतःकरणाकडे नेतो, तोच शुक्रवारचा उपदेश.

आणि ज्या वेळी आपणच मार खातो, त्या वेळी काय? तोही प्रसंग आपल्या काळात आला आहे. २१ एप्रिल २०१९ रोजी पुनरुत्थानाच्या सकाळी सिंहलद्वीपात, म्हणजे श्रीलंकेत, तीन ख्रिस्ती मंदिरांत व काही उपाहारगृहांत स्फोट होऊन अडीचशेहून अधिक माणसे मेली. बट्टिकलोवा येथील सियोन मंदिरात तर कित्येक लहान मुले होती. त्या वेळी कोलंबोचे कार्डिनल माल्कम रंजित यांनी आपल्या लोकांस विनविले की कोणी सूड घेऊ नये. तरीही पुढील महिन्यात काही ठिकाणी मुसलमानांच्या घरांवर व दुकानांवर हल्ले झालेच. त्यापूर्वी २७ मार्च २०१६ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, लाहोर येथील एका बागेत स्फोट झाला. करणाऱ्यांनी ख्रिस्ती लोकांस मारण्यासाठी तो केल्याचे सांगितले. सत्तरांहून अधिक लोक मेले, आणि त्यांत अधिक मुसलमान होते. सुटीच्या दिवशी मुलांस घेऊन ते त्याच बागेत आले होते. ज्यांनी शत्रू निवडून मारावयाचे ठरविले त्यांसही शेजारी वेगळे काढता आले नाहीत. शोक दोन्ही घरी एकसारखा झाला. तेव्हा सूड घ्यावयाचा तर कोणाचा?

येथवर आपण दुःखाचे पाहिले. आता आनंदाचे पाहू. मिसर देशात कॉप्ट मंडळीच्या पुनरुत्थानाच्या रविवारानंतरच्या सोमवारी शम्म अन्-नसीम नावाचा सण असतो. त्याचे मूळ फारोंच्या काळातील हंगामाच्या सणात आहे असे मानतात. त्या दिवशी मुसलमान व ख्रिस्ती दोघेही नील नदीच्या काठी किंवा बागेत जातात, खारविलेले मासे, कांदे व रंगविलेली अंडी खातात. तारीख ख्रिस्ती पंचांगाने ठरते, आनंद मात्र सर्वांचा. यात कोणी कोणाचा धर्म बुडविला नाही. परंतु हेही खरे की मासे व अंडी खाऊन कोणी पुनरुत्थानावर विश्वास ठेवीत नाही. एकत्र जेवण ही चांगली गोष्ट आहे. तिला साक्ष समजू नये, व साक्ष नाही म्हणून तिला टाकूही नये.

या सर्वांवरून आम्हास असे वाटते की आपल्या सणाचे तीन भाग वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला प्रभुभोजनाचा मेज. तो विश्वास ठेवणाऱ्यांचा आहे; तेथे शेजाऱ्यास केवळ सौजन्य म्हणून बसविणे हे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे, कारण जे तो मानीत नाही ते त्याच्या हातून वदविल्यासारखे होते. दुसरा वचनाचा भाग. तो सर्वांस मोकळा असावा. पहाटेच्या उपासनेस जो येईल त्यास बसावयास सतरंजी द्यावी, आणि तो उठून गेला तर त्यास अडवू नये. तिसरा अंगणाचा भाग, म्हणजे जेवण, गाणे, भेटणे. तेथे कोणासही वगळू नये. पहिली चूक करणारा, म्हणजे "सण आमचाच" म्हणणारा, अंगणालाही मेजाचे नियम लावतो. दुसरी चूक करणारा, म्हणजे "सर्व एकच" म्हणणारा, मेजालाही अंगण समजतो.

अंगणाविषयी आणखी दोन शब्द. शेजाऱ्यास बोलवावयाचे तर त्यास खाता येईल असे शिजविले पाहिजे. माळकरी मनुष्य मटण खाणार नाही. मुसलमानास हलाल नसलेले चालणार नाही. आणि सण हनुमान जयंतीच्या जवळ आला तर कोणाचा उपासही असेल. मोठे पातेले मटणाचे चढवून "आम्ही तर बोलाविले, तेच आले नाहीत" असे म्हणणे हे आमंत्रण नव्हे. शिरा, पुरी, सरबत यांना कोणाची ना नसते. पौलाने लिहिले आहे की अन्नामुळे भाऊ अडखळत असेल तर मी मांस खाणारच नाही. मग एका दिवसाच्या जेवणात एवढे करणे आपणास जड जाऊ नये. उलट त्यांच्या सणाचे ताट आपल्या दारी आले, तर काय करावे हेही त्याच पौलाने सांगितले आहे. समोर ठेवलेले अन्न चौकशी न करिता खावे. मात्र हे मूर्तीस वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नये. न खाणेही नम्रपणे करिता येते. जो मनुष्य हात जोडून "एवढे मात्र आमच्याने होणार नाही" असे सांगतो, त्याचा राग समंजस शेजारी धरीत नाही. कारण त्याच्याही घरी अशा मर्यादा आहेत. राग येतो तो तोंड फिरविण्याचा.

शेवटी आपल्या घरातील भेदाविषयी. इ. स. १५५ च्या सुमारास स्मुर्ण्याचा वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प रोम येथे गेला. त्याच्याकडील मंडळ्या हा सण वल्हांडणाच्याच दिवशी, मग तो कोणताही वार असो, पाळीत. रोमची मंडळी रविवारी पाळीत असे. तेथील अध्यक्ष अनिकेत व तो यांनी पुष्कळ बोलणे केले, परंतु दोघांपैकी कोणीही आपला परिपाठ सोडला नाही. तरीही अनिकेताने आपल्या मंडळीत प्रभुभोजन चालविण्याचा मान पॉलिकार्पास दिला, व ते शांतीने एकमेकांपासून गेले. पुढे इ. स. १९० च्या सुमारास विक्तर नावाचा रोमचा अध्यक्ष याच भेदावरून आशियाच्या मंडळ्यांस बहिष्कृत करू लागला, तेव्हा इरेनियस याने त्यास हीच गोष्ट आठवून देऊन बोध केला. आजही पूर्वेकडील मंडळ्या जुन्या पंचांगाने चालतात. २०२४ साली आपला सण ३१ मार्च रोजी झाला व त्यांचा ५ मे रोजी, आणि २०२५ साली दोघांचाही २० एप्रिल रोजी एकत्र आला. आपल्या तालुक्यांत एका पंथाची मंडळी दुसऱ्या पंथाच्या दफनभूमीत पुनरुत्थानाच्या पहाटे पाऊल ठेवीत नाही, असे कोठे असेल, तर तेथील वडीलमंडळींनी पॉलिकार्प व अनिकेत यांचा विचार करावा. घरात जे साधत नाही ते शेजारी साधेल, अशी आशा कोणी धरू नये.

वाचकहो, येत्या पुनरुत्थानाच्या सकाळी कोणी शेजारी दारी येऊन "सणाच्या शुभेच्छा" म्हणेल. तो विश्वास ठेवीत नाही हे तुम्हास ठाऊक आहे, त्यासही ठाऊक आहे. तरी ती शुभेच्छा खोटी नव्हे. तुमच्या घरी आनंद आहे व तो टिकावा, एवढेच तो म्हणतो, आणि तेवढे तो मनापासून म्हणतो. ती तशीच घ्यावी. त्यास आत बोलवावे, बसवावे. त्याने विचारिले की "तुम्ही खरोखरच मानता का, की तो मनुष्य उठला?" तर आडवळणे घेऊ नयेत, "तसे म्हणतात बुवा" असे म्हणून वेळ मारून नेऊ नये, व लांबलचक प्रवचनही सुरू करू नये. "होय, मानतो" असे म्हणावे, का मानता ते आपल्या शब्दांत दोन वाक्यांत सांगावे, आणि मग त्याचे ऐकावे. थट्टा करणे, पुन्हा ऐकू म्हणणे, किंवा विश्वास ठेवणे, हे त्याच्याकडे आहे. आपल्याकडे एवढेच आहे की आपली साक्ष खरी असावी, व ती ऐकून तो आपल्या दारातून गेला तरी पुढल्या वर्षी पुन्हा त्याच दारी येण्यास त्यास संकोच वाटू नये.